काम कुणाचं, घर कुणाचं?

(वनहक्क शिबिरात केलेलं भाषण. बोलल्याप्रमाणं उतरवून घेतलं आहे.)



एक दिवसाची मजुरी बुडवून तुम्ही इथं आला आहात. म्हणून मी फिरवून बोलणार नाही. आज मला नियोजन या विषयावर बोलायचं आहे. नियोजन म्हटलं की आपल्याला वाटतं, हे साहेबांचं काम, आपल्याला त्यातलं काय कळणार. पण आपली चूल उद्या कुठं पेटणार आणि आपल्याला कामाला किती लांब जावं लागणार, हे त्याच कागदावर ठरतं. म्हणून ते समजून घेतलंच पाहिजे.

२०२४ च्या मार्च महिन्यात सरकारनं कोकण किनाऱ्याबद्दल दोन मोठे निर्णय जाहीर केले. पहिल्यात पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या चार जिल्ह्यांतल्या १६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. दुसऱ्यात रेवस ते रेडी हा जो सागरी महामार्ग होणार आहे, त्याच्या बाजूनं १३ विकास केंद्रं ठरवली आणि त्यांचं नियोजन रस्ते विकास महामंडळाकडं दिलं. या केंद्रांत १०५ गावं येतात आणि क्षेत्र साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे.

नियोजन प्राधिकरण म्हणजे काय? कुठल्या सर्व्हे नंबरात घरं होतील, कुठं हॉटेल, कुठं गोदाम, कुठं रस्ता आणि कुठं काहीच बांधायचं नाही, हे ठरवणारी संस्था. ती नकाशा काढते आणि त्यात रंग भरते. राहण्याची जागा पिवळी, शेती आणि झाडोरा हिरवा. आता विचार करा, आपल्या वाडीवर कुठला रंग पडेल? आपली वाडी सातबाऱ्यात नाही. बऱ्याच वाड्या गावठाणात नाहीत. काहींना घरपट्टी नाही, घर नंबर नाही. कागदावर तिथं झाडं आणि कातळ आहे. मग रंग हिरवाच पडणार. हिरवा रंग पडला की त्याचा अर्थ होतो, इथं कुणी राहत नाही. तीस-चाळीस वर्षं राहणारी माणसं एका रंगाखाली नाहीशी होतात.

आता मूळ मुद्दा. प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी आपल्याला एक शब्द सांगतात : रोजगार. १९९७ साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हा रोजगार सांगितला. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचा विमानतळ सुरू झाला, तेव्हा रोजगार सांगितला. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला सी वर्ल्ड आणायचं म्हणाले, सुरुवातीला हजार एकरांहून जास्त जमीन मागितली, तेव्हाही रोजगारच सांगितला. तिथल्या गावकऱ्यांनी विरोध केला आणि जमिनीची मागणी कमी करावी लागली. ही लढाई आपल्याच किनाऱ्यावरची आहे, लक्षात ठेवा.

रोजगार नको, असं आपण म्हणत नाही. आपल्या पोरांना काम हवंच आहे. पण काम देतो म्हणणाऱ्याला आपण दुसरा प्रश्न विचारत नाही : काम करणारा रात्री झोपणार कुठं? आणि घर देतो म्हणणाऱ्याला तिसरा प्रश्न विचारत नाही : त्या घरात राहून माणूस कामाला जाणार कुठं? काम आणि घर या दोन गोष्टी एका जागी बसवणं, हेच खरं नियोजन. बाकी सगळी रंगरंगोटी.

आपल्या जिल्ह्यात या दोन गोष्टींची फारकत कशी झालीय ते बघा. सगळं तुमच्या डोळ्यांसमोरचं आहे.

पहिलं. घर आहे पण माणूस नाही. मालवणात, देवगडात, वेंगुर्ल्यात कुठल्याही गावात जा. चिऱ्याची मोठमोठी घरं, पुढं पडवी, मागं परसू आणि दाराला कुलूप. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात, आठ-दहा दिवस दिवे लागतात, परत कुलूप. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती. २०११ ला ती साडेआठ लाखांच्या खाली आली. बहुतेक ठिकाणी माणसं वाढली, आपल्याकडं घटली. कारण घर इथं आणि काम मुंबईत.

दुसरं. घर इथं आणि काम रोज सीमेपलीकडं. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याची तरणी पोरं पहाटे मोटरसायकल काढतात आणि गोव्यात कामाला जातात. कंपनीत, हॉटेलात, आता मोप्याच्या विमानतळाच्या बाजूला. रात्री परत. पगारातला पेट्रोलचा हिशेब काढा. पावसातल्या घाटरस्त्याचा हिशेब तर पैशात निघतच नाही.

तिसरं, आपलं. काम आहे पण घर नाही. आंब्याच्या बागेत राखण कोण करतो? काजूच्या बागेत बेणणी कोण करतो? चिरेखाणीवर चिरा कोण उचलतो? आपण, नाहीतर नेपाळवरनं, कर्नाटकातनं आलेले गडी. राहतात कुठं? मालकाच्या मांगरात, नाहीतर कातळावर ताडपत्रीच्या खोपीत. किनाऱ्यावर पर्यटकांसाठी खोल्यांवर खोल्या झाल्या, पण त्या खोल्या झाडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाईला त्या गावात राहायला एक खोली परवडत नाही. जमिनीचा भाव चढला की पहिला बाहेर पडतो तो मजूर.

म्हणजे एकाच जिल्ह्यात कुलूपबंद घरं आहेत आणि बिनघराची माणसंही आहेत. घरांची टंचाई आहे असं म्हणून चालणार नाही. घर एकीकडं, काम दुसरीकडं आणि माणूस तिसरीकडं, असा हा घोळ आहे.

हा घोळ आजचा नाही. आपल्या कोकणातली माणसं मुंबईच्या गिरणीत गेली. गिरणगावात दहा बाय दहाच्या खोलीत दहा-दहा माणसं पाळीपाळीनं झोपली, पण भोंगा झाला की चालत कामावर पोचत होती. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. पुढं गिरण्या मोडल्या आणि त्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. आता गिरणी कामगाराला घर देतो म्हणतात ते शेलूला, वांगणीला. तिकडं कामगाराच्या पोरानं कामाला कुठं जायचं? आधी काम होतं तिथं नीट घर नव्हतं. आता घर मिळेल तिथं काम नाही.

जवळचं उदाहरण सांगतो. आपलं तिलारी धरण. महाराष्ट्र आणि गोवा दोघांचं मिळून. दोडामार्गातली गावं उठली. पुनर्वसनाचं गावठाण मिळालं, म्हणजे घराची जागा मिळाली. पण शेत गेलं, रान गेलं आणि नोकरी लागली नाही. नोकरीसाठी लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. शेवटी नोकरीऐवजी एकरकमी पैसे घ्यायची तडजोड झाली. पैसा संपतो. पोरगा मोठा होतो, त्याला परत पोटासाठी वाट धरावी लागते. घराच्या कागदावर सही करताना कामाचा कागद मागं राहिला की असं होतं.

आणि सिडको म्हणजे कोण, हेही लक्षात ठेवा. १९७० साली नवी मुंबई वसवायला ती स्थापन झाली. ठाणे, रायगडातल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. योजना कागदावर चांगली होती : मुंबईची गर्दी कमी करायची, काम आणि घर एकाच नव्या शहरात द्यायचं. पण ज्यांची जमीन होती त्यांना त्यात जागा नव्हती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमिनीचं धोरण आलं. रक्त सांडून मिळालेला हक्क आहे तो, त्याला आपला सलाम. पण आपण एक विचारायचं : साडेबारा टक्के कशाचे? संपादन झालेल्या जमिनीचे. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचे टक्के काढायचे कशावरनं? म्हणून नियोजनाच्या आधी आपली नोंद हवी. नंतर ओरडून उपयोग नाही.

आता मी थोडं अवघड बोलणार आहे. रागावू नका.

आपल्यातलेच काही जण म्हणतात, कामाच्या जागी राहायला मिळालं की झालं, आणखी काय पाहिजे? मालक चांगला आहे, मांगर दिलाय, लाईट दिलीय. मी म्हणतो, जरा थांबा. मांगर मालकाचा असला की मजुरीचं बोलता येतं का? बाई बाळंत झाली म्हणून चार दिवस काम बंद ठेवता येतं का? पोराला शाळेत पाठवायचं तर मालक म्हणतो, तो पण काढणीला येऊ दे. नाही म्हणालात तर? काम जातं आणि त्याच दिवशी डोक्यावरचं छप्पर पण जातं. सामान रस्त्यावर. वर उचल अंगावर असली तर बोलायलाच नको. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली, पण दाराची किल्ली मालकाच्या खिशात असली की ती दुसऱ्या नावानं चालूच राहते.

म्हणून मोठ्या नियोजनात ‘कामगारांसाठी निवास’ असा शब्द आला तर खूश होऊ नका. विचारा, खोली कुणाच्या नावावर? काम सुटलं तर राहता येईल का? म्हातारपणी राहता येईल का? काम घराजवळ हवं, पण घर कामाच्या मालकाचं नको. घर आपल्या नावावर, बाईचं नाव आधी. आपलं घर असलं तरच माणूस मजुरीसाठी ताठ उभा राहतो.

आता दुसरी बाजू. १५ नोव्हेंबर २०२३ ला पीएम-जनमन योजना सुरू झाली. देशातल्या ७५ अति असुरक्षित आदिवासी गटांसाठी. महाराष्ट्रात असे तीन गट आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यात घराला २ लाख रुपये आहेत. आपल्या कातकरी भावांना, ज्यांना इकडं वानरमारे म्हणतात, त्यांना हा हक्क आहे. पण घर बांधायला आधी जागा लागते. जागा नाही म्हणून घर अडतं. मग कुणीतरी सुचवतो, अमक्या माळावर सगळ्यांची मिळून वसाहत करू. माळ कुठं? नदीपासून लांब, रानापासून लांब, बागेपासून लांब. आपण नदीत मासे, कुर्ल्या पकडतो, रानातनं मध, शिकेकाई, करवंदं, रानभाजी आणतो, हंगामात बागेत जातो. चार तुकडे जोडून आपली भाकरी होते. त्या चारांपासून तोडून पक्कं घर दिलं तर वर्षभरात घराला कुलूप लागेल आणि आपण परत खोपीत. मग साहेब लिहिणार, यांना घर दिलं तरी राहत नाहीत.

मग कायदा काय म्हणतो? आपल्या बाजूचं पुष्कळ आहे, पण ते वापरावं लागतं.

सिंधुदुर्ग अनुसूचित क्षेत्रात नाही. इथं आपण शंभरात एक पण नाही. म्हणून पेसा इथं लागू नाही. पण वनहक्क कायदा २००६ सगळ्या देशात लागू आहे, इथं पण. त्याच्या कलम ३ मध्ये वनजमीन कसण्याचा हक्क तर आहेच, राहण्याचा हक्क पण आहे. बरेच जण फक्त शेताचा दावा करतात आणि घराखालची जागा सोडून देतात. दाव्यात घर लिहा. १३ डिसेंबर २००५ आधीपासूनचा ताबा पाहिजे. कागद नसला तर दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हा पण पुरावा धरतात. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कुणाला हुसकावता येत नाही, हे कलम ४(५) मध्ये लिहिलंय. जुनी वस्ती, सर्व्हे न झालेलं गाव यांची महसुली गाव म्हणून नोंद करून घेण्याचा हक्क पण याच कायद्यात आहे. आणि अति असुरक्षित गटांना आपल्या सगळ्या वावराच्या मुलखावर, म्हणजे अधिवासावर, सामूहिक हक्क आहे. नदी, रान, वाडी मिळून. काम आणि घर वेगळं न करणारा हक्क म्हणतात तो हाच.

ज्यांची वाडी खाजगी मालकाच्या जमिनीवर आहे, त्यांच्यासाठी १९४८ चा कूळ कायदा बघा. त्यात कुळाच्या राहत्या घराला संरक्षण आहे आणि कलम १८ नं ते शेतमजुराला आणि कारागिराला पण लागू केलंय. रायगडात कितीतरी कातकरीवाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहेत. जमिनीला भाव आला तसं मालकांनी वाड्यांना कुंपणं घालायला सुरुवात केली. तिथल्या लोकांनी वाडीची गावठाण म्हणून नोंद करा, अशी मागणी लावून धरली. आपल्याकडं भाव आत्ता चढतोय. कुंपण यायच्या आधी आपला अर्ज गेला पाहिजे.

आणि एक गोष्ट रोजगार हमीच्या कायद्यात आहे, ती मला फार आवडते. काम घरापासून ५ किलोमीटरच्या आत द्यायचं. त्याहून लांब दिलं तर मजुरी १० टक्के जास्त. बघा, सरकारलाच ठाऊक आहे की काम लांब असणं हे मजुरावर ओझं आहे. रस्त्याच्या खडीकामाला जो नियम लावला, तो १६३५ गावांच्या नियोजनाला का लावायचा नाही?

म्हणून आपल्या मागण्या सरळ आहेत. एक, नकाशा काढायच्या आधी प्रत्येक वाडीची पाहणी आपल्या लोकांना बरोबर घेऊन करा. दोन, वनहक्काचे दावे निकाली निघेपर्यंत त्या जागेवर दुसरा वापर दाखवू नका. तीन, हॉटेल, बंदर, कारखाना यांना परवानगी देताना मजुराच्या घराची जागा त्याच गावात राखून ठेवा, आणि ते घर मालकाच्या ताब्यात देऊ नका. चार, घरकुलाची जागा आमच्या कामापासून आणि रानापासून तोडू नका. पाच, प्रारूप आराखडा मराठीत, गावात, वाचून दाखवा. पेपरात बारीक अक्षरात नोटीस देऊन हरकतीची मुदत संपवू नका.

मागण्या लिहिणं सोपं आहे. आता घरी जाऊन करायचं काम सांगतो.

वाडीत गेल्यावर एक वही करा. घरं किती, माणसं किती, किती वर्षं राहतात, जमीन कुणाची : वनखात्याची, सरकारची, का खाजगी. कोण कुठं कामाला जातो, किती लांब, किती महिने. कोण मांगरात राहतो. शाळेत शिकणारी पोरं हे लिहू शकतात, त्याला साहेब लागत नाही. मग हातानं एक नकाशा काढा. आपली घरं, विहीर, नदीचा कोंड, देव, मसण, रानात जायची वाट. तो ग्रामसभेत ठेवा आणि ठरावात त्याची नोंद घ्यायला लावा. जातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, त्यासाठी आजोबा-पणजोबांची शाळेची, जन्ममृत्यूची नोंद आत्तापासून शोधा. ठाकर भावांना पडताळणीत किती वर्षं झगडावं लागतंय, ते आपण बघतोच.

आणि एकटे राहू नका. रापणवाले मच्छीमार, खाणीवरचे मजूर, गोव्याला रोज जाणारी पोरं, तिलारीचे धरणग्रस्त, सगळ्यांचा प्रश्न एकच आहे. शंभरात एक असलेल्यांचं कुणी ऐकत नाही. पण काम आणि घर दोन्ही नीट नसलेली माणसं मोजली, तर आपण या जिल्ह्यात थोडे नाही.

पुढच्या अमावास्येच्या बैठकीला प्रत्येक वाडीनं आपली वही घेऊन यायचं. ज्यांची वही झाली नाही, त्यांच्या वाडीत आम्ही दोघं-तिघं येऊन बसू, एका दिवसात करू. सिडकोचा नकाशा यायच्या आधी आपला नकाशा तयार पाहिजे. त्यांच्या कागदावर आपली वाडी नसली, तर आपण आपला कागद त्यांच्या टेबलावर ठेवू आणि पोच घेऊ. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

जोहार! जिंदाबाद!